सबवूफर कॅलिब्रेशनच्या नावाखाली ७०,७०० रुपयांची फसवणूक

घरच्या ऑडिओ सिस्टिममधला सबवूफर (खालचा, खोल बास वाजवणारा स्पीकर) योग्य जागी बसवून, मोजून आणि इक्वलाइझ करून, म्हणजे वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा जोर कमीजास्त करून समतोल साधून देतो असे सांगणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून ७०,७०० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात काहीही केले नाही. त्यातले ६,२०० रुपये मापनाचे, १८,५०० रुपये कॅलिब्रेशनचे आणि ४६,००० रुपये एका डीएसपी बॉक्सचे, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे होते. पावती फक्त बॉक्सची मिळाली. आगाऊ रक्कम, गोड बोलणे, आजच ठरवले तर मिळणारी सवलत, हे सगळे वाचकांना ठाऊकच आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. या विषयातले थोडेफार कळणाऱ्यालाही कसे गंडवता येते, ते सांगायचे आहे.

माझी अडचण खरी होती. खोलीची लांबी पाच मीटर आणि सोफा जवळजवळ बरोबर मध्यावर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद (भिंतींमध्ये लाट घुमून ज्या कंपनसंख्येला जोर धरते ती) ३४ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. पहिल्याचा दाब खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो आणि दुसऱ्याचा तिथेच सर्वाधिक असतो. त्यामुळे सोफ्यावर खोल बास ऐकूच येत नसे आणि वरचा बास घुमत राही. हे सगळे त्या माणसाने मी काही बोलण्याआधीच अचूक सांगितले, म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. निदान बरोबर करणारा माणूस उपचारात फसवेल, अशी शंका कोणाला आली असती?

पुढे मात्र तो म्हणाला की ३४ हर्ट्झचा खड्डा, म्हणजे तिथे आवाज पडतो ती जागा, बॉक्स भरून काढील. इथे प्रत्येकाने थांबावे. सबवूफरकडून थेट येणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट एकमेकींना मारतात तेव्हा खड्डा पडतो. जोर वाढवला तर दोन्ही वाढतात आणि खड्डा तिथेच राहतो. ६ डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरची चौपट आणि १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती खर्च होते, हाती काही लागत नाही. इक्वलायझरने उंचवटे कापायचे असतात, खड्ड्यांसाठी सबवूफर किंवा सोफा हलवावा लागतो. मी हे विचारलेही होते. बॉक्समध्ये फेजवर (लाटेच्या चढउताराच्या वेळेवर) वेगळी प्रक्रिया होते, असे उत्तर त्याने इतक्या शांतपणे दिले की मी गप्प बसलो.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मापनाच्या वेळी खोलीत माणूस असला की आवाज शोषला जातो, असे सांगून त्याने मला बाहेर थांबायला लावले. दाराबाहेर उभा असताना पहिल्या मापनाचा स्वीप, म्हणजे चाचणीचा आवाज, मला स्पष्ट ऐकू आला: खालून वर चढत जाणारा तो एकसंध सूर, आणि तो चढत असताना दाराच्या वरच्या काचेची थरथर. नंतर बराच वेळ खुडबूड चालली. मग त्याने मला आत बोलावले आणि ‘नंतरचा’ आलेख दाखवला, २० ते १२० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सरळ रेषा. पण दुसऱ्यांदा स्वीप वाजलाच नव्हता! काच थरथरली नव्हती. न वाजलेल्या आवाजाचा आलेख माझ्यासमोर होता आणि मी तो पाहून मान डोलावत होतो. विचारल्यावर म्हणाला की दुसरे मापन कमी पातळीवर घेतात. वीस हर्ट्झपासूनचा स्वीप दाराबाहेर अजिबात ऐकू येणार नाही इतक्या कमी पातळीवर घेतला, तर तो खोलीतल्या साध्या गोंगाटात बुडून जाईल, हे त्या घटकेला कोणाला सुचणार? मापनाच्या वेळी खोलीबाहेर जाऊ नका. इतक्या खालच्या कंपनसंख्येला कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका माणसाने काहीही बिघडत नाही.

शिवाय कानांना फरक खरोखरच जाणवला होता. का, ते नंतर उमगले. जोडण्या तपासण्याच्या निमित्ताने तो सबवूफरच्या मागे वाकला, तेव्हाच त्याने फेजचा स्विच ० वरून १८० अंशांवर नेला असणार, म्हणजे सबवूफरची लाट उलटी केली असणार. बसवणीच्या वेळी मी मागच्या पॅनेलचा फोटो काढला होता, त्यात स्विच शून्यावर आहे. मी पुढे एका स्नेह्याकडून कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका दुरुस्त करणारी नोंद) असलेला यूएसबी माइक आणला, आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारे मोफत सॉफ्टवेअर घेतले आणि स्विच मुद्दाम १८० वर ठेवून मोजले, तेव्हा त्याच्या ‘आधीच्या’ आलेखातला ८० हर्ट्झजवळचा १४ डेसिबलचा खड्डा जसाच्या तसा उमटला. आधी माझीच सिस्टिम बिघडवली, मग स्विच जागेवर आणून गेन (सबवूफरचा आवाज) थोडा चढवला आणि माझाच बास मला विकला. कोणी हात लावण्याआधी सगळ्या नॉबचे फोटो काढून ठेवा, आणि आधीची व नंतरची तुलना एकाच आवाजपातळीवर ऐका, कारण जास्त मोठा बास नेहमीच जास्त चांगला वाटतो.

बॉक्सचेही मोजले. बॉक्स जोडून एकदा आणि तो काढून थेट तार लावून एकदा: दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. ६९ हर्ट्झचा ११ डेसिबलचा उंचवटा दोन्हींत तसाच, जो फक्त तेवढीच कंपनसंख्या कापणाऱ्या एका अरुंद फिल्टरने पाच मिनिटांत उतरला असता. तेवढेही केले नव्हते. सेटिंग्ज पाहू म्हटले तर पासवर्ड त्याच्याकडे, आणि त्याचा फोन बंद. पासवर्ड आपल्या हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

यानंतरचा मनस्ताप पैशांहून मोठा आहे. पोलीस चौकीत सांगितले की वस्तू मिळाली आहे, म्हणजे ही दिवाणी बाब आहे. बँकेने कळवले की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे. ज्या सेवेच्या यादीतून हा माणूस मिळाला, तिने आपण केवळ मध्यस्थ असल्याचे उत्तर पाठवले आणि त्याचे नाव यादीत तसेच ठेवले. ग्राहक तक्रार कक्षात मी दोन्ही आलेख, फोटो आणि लेखी खुलासा घेऊन गेलो, तर समोरच्या अधिकाऱ्याने कागद न उलटता विचारले, “स्पीकरमधून आवाज येतो ना?” येतो म्हटल्यावर त्याच्या लेखी प्रकरण संपले. तज्ज्ञाचा दाखला आणा, म्हणाला. कोणता तज्ज्ञ चालेल, हे तो सांगू शकला नाही. अर्जात वस्तू सदोष आणि सेवा मिळाली नाही असे दोनच रकाने. सेवा दिल्याचा खोटा पुरावा तयार केला, यासाठी रकाना नाही. मी दोन्हींवर खूण केली, तर एकच निवडा म्हणून अर्ज परत आला. ७०,७०० रुपयांच्या तक्रारीची दखल घेण्याइतकेही मोजमाप कोणाला कळत नसेल, तर असे लोक निर्धास्तपणे धंदा करणारच.

आलेख पाहताना स्मूदिंग (रेषेतले चढउतार सरासरीने मऊ करणे) किती आहे ते विचारा, कारण एक ऑक्टेव्हच्या स्मूदिंगखाली कोणतीही खोली गुळगुळीत दिसते. उभ्या अक्षावर दोनशे डेसिबल कोंबले असतील तर चढउतार चपटे दिसतात, तो आलेख परत करा. छापील कागद घेऊ नका, मापनाची मूळ फाइल मागा. माइकची कॅलिब्रेशन फाइल त्याच माइकच्या अनुक्रमांकाची आहे का, ते पाहा. आणि बॉक्स घेण्याआधी सोफा अर्धा मीटर पुढेमागे करून ऐका. जमल्यास दुसरा सबवूफर आणून दोन्ही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून पाहा, कारण लांबीचा पहिला अनुनाद त्याने मुळातच उठत नाही.

ज्यांच्या हाती असे दोन आलेख आधीच आले आहेत, त्यांनी त्यांतला २०० हर्ट्झच्या वरचा भाग ताडून पाहावा. क्रॉसओव्हर (जिथे सबवूफरचे काम संपून मुख्य स्पीकरचे सुरू होते) ८० हर्ट्झला असेल तर तिथे फक्त मुख्य स्पीकर वाजतात, सबवूफरला काहीही केले तरी दोन्ही रेषा तिथे एकसारख्याच असायला हव्यात. माझ्या कागदांवर त्या ठिकठिकाणी सहा डेसिबलने वेगळ्या आहेत. ‘नंतरचा’ आलेख माझ्या खोलीचा नव्हताच.