परदेशी साहेबांचं पुण्यातलं घर : माझं मत औंधला

चाकणच्या एका कारखान्यात मी अ‍ॅडमिन बघते. जर्मनीहून दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या इंजिनिअर मंडळींना घर शोधून देणं हेही माझ्याच गळ्यात पडलंय. जो तो विमानातून उतरतानाच ‘कोरेगाव पार्क’ हे नाव पाठ करून आलेला असतो. ओशो आश्रमामुळे निम्म्या जगाला पुण्यातला तेवढाच भाग ठाऊक!

कोरेगाव पार्कला नावं ठेवणार नाही. नंबरांच्या गल्ल्या आणि मोठमोठे वड, भर एप्रिलात दुपारी पायी फिरावं अशी सावली. पण घर बघायला जाल तर संध्याकाळी जा आणि नदीकडची खिडकी उघडा. मुळा-मुठेत जलपर्णी माजली की डास काय असतात ते तिथे कळतं. एजंट घर नेहमी सकाळी अकरालाच का दाखवतात, याचं उत्तरही मिळेल. शिवाय तिथून चाकण म्हणजे विश्रांतवाडी, दिघी, आळंदी करत जायचं. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते त्या दिवशी हा रस्ता गाड्यांना बंद. आमच्या एका साहेबांनी रजा टाकली आणि विश्रांतवाडीला उभं राहून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटले. ते खूश, प्रॉडक्शनवाले नाखूश.

कल्याणीनगरला आता मेट्रो आहे, विमानतळ हाकेच्या अंतरावर. खराडीत ऑफिस असेल तर डोळे मिटून घ्या. मात्र लोहगावच्या हवाई दलाची लढाऊ विमानं उडायला लागली की फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं, आणि तान्हं मूल असेल तर त्याची झोप गेलीच.

औंधला मी झुकते ती घरमालकांमुळे. परदेशी भाडेकरू आला की मालकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन फॉर्म भरून (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) कळवावी लागते. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर पाहुण्याची स्वतःची नोंदणी १४ दिवसांत, ती वेगळी. इतर ठिकाणी मालक अमेरिकेत, किल्ली शेजाऱ्यांकडे, आणि पासवर्ड कुणाकडेच नाही, असा कारभार फार बघितला. औंधमध्ये मला भेटले ते बहुतेक निवृत्त काका-काकू, त्याच सोसायटीत राहणारे. पासपोर्टच्या झेरॉक्स फायलीत लावून वर “व्हिसाचं पान पुसट आलंय, परत पाठवा” असं मलाच सुनावणारे.

अकरा महिन्यांच्या कराराचे अंगठे घ्यायला माणूस घरी येतो, तो प्रसंग बघण्यासारखा असतो. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेलं ठशांचं यंत्र, आणि अंगठा उमटेना म्हणून काका तो पँटला पुसतायत. साहेबांच्या मॅडम थक्क, कारण त्यांच्या कल्पनेत सरकारी काम म्हणजे रांग. काकूंनी तेवढ्यात पोहे पुढे केलेले असतात.

बाजारहाट पायी होतो. ब्रेमेन चौक दाखवला की मंडळी हरखतात, आपल्या देशातल्या शहराचं नाव इथल्या चौकाला! नाशिक फाट्यावरून चाकण गाठायला वेळ लागतोच, मोशीच्या पुढे तर सगळे सारखेच अडकतात. विद्यापीठ चौकाचं म्हणाल तर २०२० मध्ये जुना पूल पाडल्यापासून त्या बाजूला संध्याकाळचं बोलावणं आलं तर मी टाळते.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र दोन प्रश्न आधीच विचारा. ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ अशी बातमी आली की टाकीत किती दिवसांचं पाणी असतं? आणि भाडेकरूंच्या पाहुण्यांना रात्री किती वाजेपर्यंत सोडता? एका सोसायटीत दुसऱ्याचं उत्तर “दहा” आलं. साहेब बेचाळीस वर्षांचे होते. आम्ही चहा संपवला आणि शेजारच्या इमारतीत गेलो.

औंधला पाचपैकी चार. परिहार चौकात पार्किंग सापडलं, तर साडेचार.