फुकटचा क्रेडिट रिपोर्ट: काढाच, पण जपून वाचा

रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे 2017पासून आपला पूर्ण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि हप्त्यांचा हिशेब, स्कोअरसकट, वर्षातून एकदा फुकट मिळतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना तो द्यावा लागतो, म्हणजे वर्षाला चार झाले. आपल्याकडे मात्र चौघींनाही सरसकट 'सिबिल'च म्हणतात.

मी नाशकात राहून अर्थकारणावर लिहितो. परवा निफाडचे आमचे आतेभाऊ, दादा, घरी आले, तेव्हा त्यांचा रिपोर्ट काढला. पॅन, मोबाइल, ओटीपी, जुन्या कर्जांवरचे दोनचार प्रश्न, झालं. वैताग एकच: साइटवर महिन्याच्या पॅकेजचं बटण ठळक आणि फुकटचं खाली बारीक अक्षरात. ते शोधायला चष्मा लागला. रिपोर्ट आला तोही इंग्रजीत.

सगळे 300 ते 900 मधल्या त्या एका आकड्याकडे बघतात. खरा माल खाली आहे. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची पट्टी असते आणि प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस थकला ते. दादांच्या पिकअपच्या कर्जाला ओळीने 000, 000, 000. मग जानेवारी 2024ला 030, फेब्रुवारीत 059, आणि नव्वदी गाठायच्या आत परत 000. नव्वदच्या पुढे गेलं असतं तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतच्या वाटेवर.

"अरे, हे सगळं यांना सांगतं कोण?"

"बँकच सांगते दादा. 2025पासून तर महिन्यातून निदान दोनदा."

त्या दोन चौकोनांमागे काय होतं ते मला तोंडपाठ आहे, कारण त्या बातम्या मीच लिहिल्यात. नोव्हेंबर 2023च्या शेवटी गारा पडल्या, द्राक्षबागा झोडपल्या. 8 डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024मध्ये उठली. दादांचं दोन्हीकडून मरण. पण रिपोर्टात 'का' या प्रश्नाला रकाना नाही.

आणि जे कर्ज माणसाला खरं टोचतं ते इथे दिसतच नाही. अडत्याकडची उचल, सोनाराकडचं गहाण, पाहुण्यांची उसनवारी, गावच्या भिशीचे पैसे. बऱ्याच पतसंस्थांचं कर्जही नाही. दादांचा रिपोर्ट बघून एखादा बँकवाला म्हणेल, माणूस सावरला. सावरला कशाने, तर अडत्याकडून उचल घेऊन.

माझ्या धंद्याचं दुखणंही हेच. आम्हीही वरचा आकडाच छापतो. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीला 2018च्या जुलैपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं रेटिंग होतं; सप्टेंबरात हप्ते थकले तेव्हा सुमारे 91 हजार कोटींचं कर्ज चव्हाट्यावर आलं. अमेरिकेत 2008च्या आधी गृहकर्जांच्या गाठोड्यांवरही असाच ट्रिपल एचा शिक्का होता. रेटिंगचे पैसे कर्ज काढणाराच मोजतो, हे छापायला जागा मिळते ती घर पडल्यावर. 2020च्या मार्च ते ऑगस्टच्या मोरॅटोरियमचंही, म्हणजे कोविडमध्ये हप्ते पुढे ढकलायला दिलेल्या सवलतीचंही, तेच. बातम्यांचा सूर 'हप्त्यांना सुट्टी' असा होता. व्याजाला सुट्टी नव्हती, हे बऱ्याच घरांत पुढे हप्ते लांबले तेव्हा कळलं. रिपोर्टात ते महिने मात्र थकबाकी म्हणून दिसत नाहीत.

एक काळजी घ्या. सकाळचा पेपर झटकला की 'खराब सिबिल दुरुस्त करून मिळेल' असं पत्रक खाली पडतं, आतल्या पानावर मी कर्जापासून सावध राहा म्हणून लिहिलेलं असतं. खरी नोंद कोणी पुसून देऊ शकत नाही. चुकीची असेल तर तक्रार स्वतःच, ऑनलाइन, फुकट करता येते. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम एप्रिल 2024पासून आहे. माझं एक बंद केलेलं क्रेडिट कार्ड चालू दिसत होतं. तक्रार टाकली, मुदतीत दुरुस्त झालं. बँकेच्या काउंटरवर यासाठी मला हेलपाटे घालावे लागले असते, म्हणून या सेवेला इथे पैकीच्या पैकी.

'सेटल्ड' हा शेराही बघून ठेवा. वसुलीवाला 'निम्म्यात मिटवू' म्हणतो तेव्हा तो पुढचं सांगत नाही: खातं 'क्लोज्ड' न होता 'सेटल्ड' लागतं, आणि पुढच्या कर्जाला तेच आडवं येतं. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं राज्य सरकारने बँकांना अनेकदा बजावलंय. दादांना शाखेत पहिला प्रश्न सिबिलचाच आला.

चारही रिपोर्ट एकदम काढू नका. तीन-तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून काढले की वर्षभर नजर राहते. दादांचा पुढचा छाटणी उरकल्यावर काढायचा ठरलाय.