लोर्काचा पियानो आणि ला आर्जेंटिनिताचा आवाज : दहा स्पॅनिश लोकगीते

कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याने लोकांच्या तोंडून जमवलेल्या आणि स्वतः स्वरसाज चढवलेल्या दहा स्पॅनिश गीतांच्या पाच तबकड्या १९३१ मध्ये 'ला व्होस दे सु आमो' या कंपनीने काढल्या. गायिका होती त्या काळची नामवंत नर्तिका ला आर्जेंटिनिता, आणि पियानोवर खुद्द लोर्का. या ध्वनिमुद्रणाच्या नव्या आवृत्त्या आज इंटरनेटवर मिळतात आणि त्या ऐकाव्यात, असे मला मनापासून वाटते.

या गीतांत जग सुंदर आहे असे कुणी सांगत बसत नाही. तरीही ती ऐकताना जगण्याची उमेद वाढते. सेव्हियाच्या अंगाईतले बाळ आईने रस्त्यावर टाकून दिलेले आहे आणि त्याला पाळणाही नाही, पण त्याचा बाप सुतार आहे, तो पाळणा करून देईल, असे गाणारी सांगते. सगळा धीर त्या सुताराच्या हातात आहे, आणि ला आर्जेंटिनिता ती ओळ रडवेपणाचा लवलेशही न आणता गाते. चार खेचरवाल्यांच्या गाण्यात करड्या खेचरावरचा सावळा, उंच गडी नायिकेच्या मनात भरलेला आहे, आणि चेहऱ्यावरच निखारा फुललेला असताना विस्तव आणायला गल्लीत वर कशाला जायचे, असा लाडिक प्रश्न त्यात येतो. शेजारून विस्तव मागून आणण्याची रीत आपल्याकडच्या जुन्या घरांनाही ठाऊक होती, त्यामुळे ही ओळ मला मुळीच परकी वाटली नाही.

सगळीच गीते अशी उजळ नाहीत. मोन्लेओन या स्पॅनिश गावच्या पोरांच्या गाण्यात बैलांच्या खेळाला वेळेवर पोहोचता यावे म्हणून पहाटेच नांगरणीला गेलेल्या पोरांपैकी विधवेचा मुलगा जीव गमावतो. हे गाणे संचात आहे म्हणूनच अंगाईतल्या आशेवर विश्वास बसतो.

पुढे ऑपेराच्या तालमीतल्या गायिकांनी ही गीते अधिक भरदार आवाजात गायली, तरी मला हाच संच अधिक प्रिय आहे. आवाज बारीक आणि बोलण्याच्या जवळचा आहे. मधूनच ला आर्जेंटिनिताच्या कास्तान्युएलांचा, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळांचा, टणत्कार आणि टाचांचा ठेका येतो, आणि लोर्काची साथ गाण्याच्या पुढे पुढे करत नाही. लोर्काचा बोलतानाचा आवाज कोणत्याही ज्ञात ध्वनिमुद्रणात उरलेला नाही. १९३६ मध्ये ग्रानादाजवळ त्याची हत्या झाली. त्यामुळे पियानोवरची ही बोटे अधिकच मोलाची वाटतात.

खरखर बरीच आहे, आणि हेडफोनवर ती कानाला टोचते. साध्या स्पीकरवर, कमी आवाजात ऐकणे बरे. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून प्रत्येक गाणे आटोपशीर आहे. शब्दांचा अर्थ आधी वाचून घ्यावा, कारण त्याशिवाय निम्मा आनंद हुकतो. गिटारवरचा धगधगता फ्लामेंको (दक्षिण स्पेनचे गाणे-नाच) हवा असणाऱ्यांनी मात्र दुसरा संच निवडावा, कारण इथे गिटार नाही.