स्क्रिप्ट पाठवायची की खेळच पाठवायचा?

गेमसाठी लिहिणाऱ्याला आपलं लिखाण स्पर्धेत उतरवायचं असेल, तर ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पानांवर उतरवलेली स्क्रिप्ट पाठवायची, नाहीतर खेळता येईल अशी गोष्टच पाठवायची. बेळगावात बसून मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण दुसरी बाजूही अगदीच टाकाऊ नाही.

मान बघाल तर स्क्रिप्टकडे जास्त. अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डने, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेने, २००८ मध्ये व्हिडिओगेम लेखनाचा स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. सिनेमा आणि टीव्हीच्या लेखकांशेजारी गेमच्या लेखकाचं नाव घेतलं जाऊ लागलं, ही साधी गोष्ट नव्हे. पण त्यासाठी गेम बाजारात आलेला हवा, श्रेयनामावलीत लेखक म्हणून तुमचं नाव हवं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं तर गिल्डच्या गेम-लेखक शाखेचं सदस्यत्व किंवा निदान अर्ज तरी लागायचा. त्या नियमापायी चांगले चांगले गेम यादीबाहेर राहिले. विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचा नेब्युला पुरस्कारही २०१८ च्या कलाकृतींपासून गेम-लेखनाला मिळतो, पण तिथे नामांकन सदस्यांच्या मतांवर ठरतं. आपण पाकीट घेऊन रांगेत उभं राहायचा प्रश्नच नाही.

म्हणजे खानापूर-निपाणीच्या नवख्या माणसाला उरतात त्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या स्क्रिप्ट स्पर्धा. पुण्या-बेंगळुरूच्या स्टुडिओत लिहीत असाल तर तिथली स्क्रिप्ट स्टुडिओच्या मालकीची, लेखी परवानगीशिवाय पाठवू नका. स्वतःची असेल तर खुशाल पाठवा. शुल्क बहुधा डॉलरमध्ये असतं, तेवढी तयारी ठेवा.

आता माझा काटा जिथे फिरला ते सांगतो.

माझी गोष्ट एका तलाठ्याच्या टेबलापुढे घडते. शेताचा उतारा काढायला आलेल्या पोराने तोंड कुठल्या भाषेत उघडायचं, एवढाच सगळा खेळ. कन्नडमधून ‘सर, उतार बेकित्री’ म्हणालात तर एक तलाठी भेटतो, ‘साहेब, उतारा पाहिजे होता’ म्हणालात तर दुसरा. माणूस तोच, पण खुर्ची पुढे ओढणारा वेगळा आणि चष्म्यावरून बघणारा वेगळा. तिसरा पर्याय म्हणजे गप्प बसून अर्ज पुढे सरकवायचा. बहुतेक जण आधी तोच निवडतात, आणि मग सगळ्यात जास्त वेळ बाकावर बसून राहतात. आपल्याकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

हे मी इंकमध्ये, म्हणजे निवडीनुसार फांद्या फुटणाऱ्या गोष्टी लिहायच्या एका सोप्या संगणकीय भाषेत, लिहिलं होतं. तिथे पर्यायापुढे तारांकन, पुढच्या प्रसंगाकडे बाण, काम झालं. एका स्पर्धेला मात्र पीडीएफ हवी होती, पानांची मर्यादा घालून, सिनेमाच्या पटकथेच्या साच्यात. मग प्रत्येक बाणाच्या जागी ‘पर्याय ब निवडल्यास पान अमुक पाहा’ आलं. वाचणारा पान उलटवत नाही, सरळ खाली वाचत जातो. त्यामुळे तलाठ्याने प्रेमाने चहा मागवला आणि खालच्याच ओळीत ‘उद्या या’ म्हणून हाकललं, असं दिसायला लागलं. निवड करायच्या आधीच तिन्ही उत्तरं कळली की निवडीला अर्थ काय राहिला? मर्यादेत बसवायला फांद्या छाटाव्या लागल्या, आणि गप्प बसण्याची फांदी सगळ्यात आधी गेली, कारण कागदावर तिच्यात संवादच नव्हते. परीक्षकांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे आलं ते त्यांनी वाचलं.

तीच गोष्ट पुढे मी आयएफकॉम्पला, म्हणजे १९९५ पासून दरवर्षी होणाऱ्या इंटरॅक्टिव्ह फिक्शन (वाचकाच्या निवडीने पुढे सरकणाऱ्या गोष्टी) स्पर्धेला पाठवली. लेखकाला शुल्क नाही, खेळ आधी कुठे प्रसिद्ध झालेला नसावा, बस्स. परीक्षक म्हणजे कुणीही वाचक. त्याने किमान पाच खेळांना एक ते दहात गुण द्यायचे, आणि एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास खेळून काय वाटलं त्यावरच द्यायचे. छोट्या गोष्टीला हा नियम पथ्यावर पडतो, लांबलचक महाकथा असेल तर विचार करा. गुणांमध्ये सगळ्यात जास्त मतभेद होतील त्या खेळाला ‘गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड’ नावाचा वेगळा मान आहे, हे मला फार आवडलं. सगळ्यांना बरं वाटेल असंच लिहा, हा दबाव तेवढाच कमी.

खरी कमाई परीक्षणांची. आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांत कथाकथन करणाऱ्याला मंडप कुठे हसला, कुठे चुळबुळला ते तिथल्या तिथे कळतं, तसंच काहीसं. ना मराठी ना कन्नड येणाऱ्या एकाने लिहिलं होतं, की साहेबाचा चेहरा का बदलला ते समजेना, म्हणून परत मागे जाऊन दुसरी भाषा निवडून पाहिली. मला एवढंच हवं होतं.

अडचणी आहेत. वाचकवर्ग मुख्यतः इंग्रजी, त्यामुळे निवेदन इंग्रजीत ठेवून बोली फक्त संवादांत पेरावी लागली, आणि ती चुटपुट अजून आहे. शिवाय खेळ चालता हवा. एक बाण चुकीच्या जागी गेला तर वाचक अर्ध्यात अडकतो आणि गुण जातात. बायोडेटावर मात्र ‘स्क्रिप्ट स्पर्धेत निवड’ हे शब्द स्टुडिओवाल्यांना लवकर समजतात, हेही खरं. तुमचं लिखाण सरळ रेषेत जात असेल, प्रसंगांमधले संवाद आणि मध्ये थोडी मारामारी असं असेल, तर पीडीएफने तुमचं फारसं बिघडणार नाही. फांद्या असतील तर मी तरी खेळच पाठवीन.

आयएफकॉम्पला आधी फक्त सहभागाची इच्छा नोंदवायची असते, खेळ नंतर चढवायचा. नोंदवताना तो पूर्ण असावा लागत नाही, तेव्हा अर्धवट असला तरी नाव घालून ठेवा.