भोपळ्याच्या वेलासाठी प्लांट सपोर्ट किट: टेप एक नंबर, क्लिपा बिनकामाच्या

तीन स्टार देतेय आणि त्यातले अडीच एकट्या टेपचे आहेत.

बॉक्समध्ये काय येतं ते आधी सांगते. हिरव्या कोटिंगच्या बारीक लोखंडी काठ्या, चिमटीत दाबून उघडायच्या गोल प्लास्टिक क्लिपा, यू आकाराच्या पिना आणि वेलक्रो टेपचा रोल. वर लिहिलंय 'सर्व प्रकारच्या वेलींसाठी', आणि फोटो आहे टोमॅटोचा, इथेच खरं तर सगळं कळतं. टोमॅटो, काकडी, गॅलरीतला मनी प्लांट असेल तर डोळे झाकून घ्या, पण आमच्या कोपरखैरण्याच्या रो हाऊसमागच्या पट्टीत मी लावलाय अटलांटिक जायंट, म्हणजे तो राक्षसी भोपळा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून तयार केलेलं वाण. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथे याच जातकुळीतला १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला होता. इथल्या उकाड्यात तसलं काही होणार नाही हे मला माहितीये, कृपया कमेंटमध्ये सांगू नका.

तर मुद्दा असा की या वेलाला दुधी-कारल्यासारखं मांडवावर चढवायचं नसतं, जमिनीवर झोपवायचं असतं. रोप लहान असताना सरळ वर उभं राहतं, मग शेंड्याचं वजन वाढतं आणि एक दिवस वाऱ्याने हवं तिकडे कोसळतं, आणि कोसळताना बुंध्याशी पिळवटून चिरतं. म्हणजे आधार हवा तो वर धरून ठेवायला नाही, हळूहळू खाली उतरवायला. आणि नेमकं हे किट बनवणाऱ्याच्या डोक्यातच नाही.

क्लिपा. क्लिपांचं आणि या वेलाचं अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. क्लिपेचं भोक ठरलेल्या मापाचं, वेल मात्र बघता बघता अंगठ्याएवढा जाड होतो आणि पुढेही वाढतच राहतो, दोन-तीन दिवस लक्ष नाही दिलं तर क्लिप रुततेच, माझ्या वेलावर गोल वळ उठलेला आहे अजून. शिवाय ती लावायला बोटं आत घालावी लागतात आणि या झाडाचे देठ पोकळ असतात, जरा कोपर लागलं की अख्खं पान लोंबतं. सगळ्या क्लिपा शेजारच्या काकूंना दिल्या, त्यांच्या जाईला मस्त बसल्यात.

टेप मात्र खरंच सुंदर आहे. मऊ, रुंद, हव्या त्या लांबीची कापा, ढिली बांधा, परत उघडा, परत बांधा. वेल उतरवताना रोज थोडं थोडं सैल करत जायचं असतं, त्याला असंच काहीतरी लागतं. मी शेंड्याच्या मागच्या भागाला टेपचा सैल फास दिला, खाली जुना टॉवेल गुंडाळून उशीसारखा ठेवला आणि रोज दुपारी उशी थोडी बारीक करत गेले. दुपारीच करायचं हं. सकाळी वेल पाण्याने टम्म असतो, वाकवायला गेलात की कट्कन मोडतो, उन्हाने जरा मलूल झाला की वाकतो. त्या दिवशी सकाळचं पाणीही देऊ नका, संध्याकाळी द्या. आमच्याकडे अडचण अशी की फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारनंतरच खाडीकडून वारा सुटतो, म्हणून वारा चढायच्या आत उरकायचं. आणि वेलाची दिशाही वाऱ्याकडे पाठ करून ठेवायची, आमच्याकडे पश्चिमेकडून पूर्वेला, नाहीतर पानं उलटतात आणि अख्खा वेल पलटी मारतो.

काठ्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वाऱ्यात वाकतात. बुंध्यापुढे दोन काठ्या वेलावरून फुलीसारख्या रोवल्या की वेल जागचा हलत नाही, हा उपाय मोठे भोपळे लावणारे सगळेच करतात, पण त्यासाठी काठी कडक हवी. मी शेवटी मंडपवाल्याकडून बांबूच्या कामट्या आणल्या, त्याने पैसेही घेतले नाहीत, वर विचारलं, 'ताई, गणपतीला अजून किती वेळ आहे, आत्तापासून काय बांधताय?'

पिना अर्ध्या कामाच्या. घट्ट मातीत धरतील, पण माझा वाफा शेणखत आणि कोकोपीट घालून भुसभुशीत केलेला, त्यात एवढ्याशा पिना उपटून येतात. वीतभर तरी लांब हव्या होत्या. हार्डवेअरवाल्याकडून जाड तार आणून घरीच वाकवल्या. पीन दाबून बसवायची नाही, वेल खाली सरकू शकेल एवढी जागा ठेवायची, आणि वेल जमिनीला टेकला की पानाच्या पेरावर मूठभर माती टाकायची. तिथे मुळं फुटतात, मग पिनेची गरजच उरत नाही, वेल स्वतःच स्वतःला धरतो, आणि उद्या बुंध्याशी चीर गेलीच तरी पुढच्या मुळांवर तग धरायची शक्यता असते. तणावे मात्र कापत जा, ते शेजारच्या देठांना विळखा घालून ओढतात. हे किटच्या माहितीपत्रकात एका ओळीत टाकलं असतं तरी चाललं असतं, पण तिथे आहे चार भाषांमध्ये 'लहान मुलांपासून दूर ठेवा'.

पॅकिंग चांगलं होतं, डिलिव्हरी वेळेत. किंमत टेपसाठी जास्त आणि बाकीच्यासाठी फारच जास्त. टेपचा सुटा रोल त्याच कंपनीचा वेगळा मिळतो, थोडा खाली स्क्रोल केलंत की दिसेल, रुंद वाला घ्या, अरुंद वाला कोवळ्या सालात काचतो.