सुखोईचं काम की राफेलचं? नाशिकच्या एका वर्कशॉपवाल्याचा हिशेब

परदेशी लढाऊ विमानांच्या खरेदीत 'इतके टक्के काम भारतात' अशी बातमी आली, की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत फोनाफोनी सुरू होते. वर्षानुवर्षं गाड्यांचे पार्ट काढले, आता विमानाच्या कामात शिरावं का? शिरायचं तर दारं दोन आहेत, आणि दोन्हींच्या आत अगदी वेगळं घर आहे.

पहिलं नाशिकजवळच्या ओझरचं. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा, नाशिक कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ साठी उभारलेला. पुढे २००० साली रशियाशी करार झाला आणि सुखोई-३० एमकेआय तिथे परवान्यावर बनू लागलं. आधी नुसती जुळणी, मग सुटे भाग, शेवटी कच्च्या मालापासून, अशा पायऱ्यांनी. हवाई दलाने मागवलेल्या २७२ पैकी २२२ विमानं एचएएलने बनवली. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला. पण ॲल्युमिनियम, टायटॅनियमचा माल रशियातूनच घ्यायचा अशी अट होती, आणि इथे बनलेलं विमान तिथून तयार आणण्यापेक्षा महाग पडलं. टक्का कशाचा, नगांचा की पैशांचा, हे म्हणूनच दरवेळी विचारावं.

तरी मी ओझरला झुकतं माप देतो. अडीच टनांचं ब्रह्मोस पोटाखाली टांगायचं म्हणून सुखोईचा सांगाडा मजबूत करण्याचं काम इथेच झालं आणि जून २०१६ मध्ये ते विमान क्षेपणास्त्र घेऊन इथूनच उडालं. शिवाय ही विमानं पूर्ण उघडून दुरुस्तीला ओझरलाच येतात. एचएएल आहे, हवाई दलाचा अकरा नंबरचा डेपोही आहे. दुरुस्ती म्हणजे पार्ट, आणि पार्ट म्हणजे आपण. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची, साधारण १३,५०० कोटींची ऑर्डर निघाली. ऑक्टोबर २०२५ पासून तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानाची लाइनही तिथे आहे.

दुसरं दार राफेलचं. २०१६ मध्ये ३६ विमानं घेतली, सुमारे ५९,००० कोटींना, ५० टक्के ऑफसेटच्या अटीवर. ऑफसेट म्हणजे विकणाऱ्याने तेवढ्या रकमेची खरेदी किंवा गुंतवणूक भारतात करायची. ती त्याच विमानात व्हावी असं मात्र नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात दासो (राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी) आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची कोनशिला २०१७ मध्ये बसली, पण तिथून सुरुवातीला बाहेर पडले ते फाल्कन या बिझनेस जेटचे भाग.

ऑफसेटचा एकूण अनुभव कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, २०२० मध्ये मांडला. सगळे संरक्षण करार मिळून २०१८ अखेरपर्यंत १९,२२३ कोटींचं काम व्हायला हवं होतं. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा, सरकारने मान्य केलं ५,४५७ कोटींचं. २०२० मध्येच सरकार-ते-सरकार खरेदीतून ऑफसेटची अटच काढून टाकली. याउलट हैदराबादला टाटांच्या कारखान्यात राफेलचं अख्खं धड (फ्युजलाज) बनवायचं २०२५ मध्ये ठरलं. धंदा म्हणून आलेलं असं काम मला अटीखाली आलेल्या कामापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

आधीच्या १२६ राफेलच्या सौद्यात १०८ विमानं एचएएल बनवणार होतं. ते ज्या मुद्द्यांवर अडलं त्यात एक आपल्या रोजच्या ओळखीचा होता: ड्रॉइंग तुमचं, मशीन माझं, मग रिजेक्शन कुणाच्या माथी? इथे बनलेल्या विमानांची हमी घ्यायला दासो तयार नव्हती. सरकार आणि दासोला न सुटलेला प्रश्न आपल्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) एका ओळीत लिहिलेला असतो, आणि आपण न वाचता सही करतो.

मी केली होती. एका बड्या पुरवठादाराचे चाळीस ब्रॅकेट. आठ किलोच्या ठोकळ्यातून सातशे ग्रॅमचा एक निघायचा, बाकी सगळा चुरा. माप मायक्रॉनमध्ये बरोबर, पण ड्रॉइंगची रिव्हिजन मधेच बदलली होती आणि ती मेल आमच्याकडे कुणी उघडलीच नाही. चाळीसही परत. ब्रॅकेटपेक्षा कागद जड असतो, हे तेव्हा कळलं: कोणत्या बॅचचा माल, कोणत्या मशीनवर, कोणाच्या हातचा, सगळं लिहून ठेवायचं, तेही पुढची कित्येक वर्षं.

कागद दोन्हीकडे लागतो. फरक कामाच्या चालीत आहे. ओझरकडे नग थोडे, प्रकार फार, ऑर्डर रडतखडत; पण एकदा पार्ट पास झाला की त्याची मागणी पुन्हा येते, कारण विमान अजून उडतंय. परदेशी कंपनीच्या साखळीत आकडे मोठे, दर जगाशी लढून घ्यायचे, एएस९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राशिवाय उभं करत नाहीत आणि हीट ट्रीटमेंट-प्लेटिंगला वेगळी मान्यता. ते जमलं तर मात्र एका विमानावर पोट राहत नाही.

डोक्यावर मशीनचं कर्ज असेल तर ओझरच्या दुरुस्तीच्या पार्टपासून सुरुवात करा. आहे त्या व्हीएमसीवर (साध्या कॉम्प्युटर-चलित मिलिंग मशीनवर) भागतं. कर्ज नसेल आणि क्वालिटीला एक पूर्णवेळ माणूस ठेवायची ऐपत असेल तर हैदराबाद-नागपूरकडे बघा. फाइव्ह-ॲक्सिस या महागड्या मशीनचं कोटेशन मात्र पहिला नमुना पास झाल्यावरच मागवा. आणि हो, कामाच्या मेलचा आयडी पुतण्याच्या मोबाइलवर ठेवू नका.