पांढरा पडलेला भारी गॉगल पॉलिश करून घेतला: आठ-नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

भारी गॉगल घेणं परवडतं का आणि जुना झाला की परत नीट होतो का, हे मला बरेच जण विचारतात कारण मी कृषी सहाय्यक आहे, मोहोळ-मंगळवेढ्याकडे दिवसभर स्कूटी आणि शेत, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तर उत्तर आधीच देते. पैसे काचेला देऊ नका, फ्रेमला द्या, आणि फ्रेमही अशीच घ्या जी उघडता येते, घासता येते आणि जिच्यात नवीन काच बसते. तसं नसेल तर बारा हजारांचा गॉगल आणि हजाराचा गॉगल यात मला तरी काही फरक दिसत नाही.

माझ्याकडचा गॉगल मूळ दिराचा. त्यांनी दुबईहून आणला होता, इटालियन कंपनीचा, जाड काळी फ्रेम, आज नवीन घ्यायचा म्हटलं तर बारा-तेरा हजार जातील. वापरून वापरून कानामागचा भाग आणि नाकाजवळचा भाग पांढराफटक पडला, काचेवर ओरखडे, एक दांडी ढिली, म्हणून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिला. मी तो घेतला कारण हातात घेतल्यावर वजनावरून कळत होतं की हा साच्यात ओतलेला प्लास्टिकचा माल नाही, ॲसिटेट आहे.

ॲसिटेट म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूपासून बनतं, त्याचे जाड शीट येतात आणि त्यातून फ्रेम कापून काढतात. रंग आरपार असतो, वरून मारलेला नसतो. इथेच सगळी गंमत आहे कारण रंग आरपार असला की वरचा खराब थर घासून काढला तरी खाली तोच काळा रंग मिळतो. स्वस्त फ्रेमवर रंगाचा पातळ थर असतो, तो घासला की खालचं वेगळंच प्लास्टिक दिसतं आणि मग ती फ्रेम कोणीच सुधारू शकत नाही. टीआर-९० नावाने मिळतात त्या फ्रेम हलक्या असतात, वाकतात, सहज तुटत नाहीत, चांगल्या आहेत, पण ते नायलॉन आहे, ॲसिटेटसारखं चकचकीत पॉलिश त्याला येत नाही. मॅट फिनिशची फ्रेमसुद्धा बफला, म्हणजे पॉलिश करायच्या फिरत्या कापडी चाकाला, लावू नका, चमकेल आणि मॅटपणा कायमचा जाईल.

आता पांढरं का पडतं. ॲसिटेट मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, घाम, ऊन, सनस्क्रीन, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल यांनी ते हळूहळू बाहेर येतं आणि वरचा थर कोरडा पडतो. आम्ही बायका गालाला आणि कानशिलाला सनस्क्रीन लावतो आणि लगेच दांडी त्याच्यावर ठेवतो, म्हणून दांड्या आधी जातात. लोक खोबरेल तेल चोळतात, दोन दिवस काळं दिसतं आणि परत पांढरं, कारण तेल फक्त खरखरीतपणा झाकतं. आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोनमध्ये ॲसिटेट विरघळतं, फ्रेमवर डागच पडतील.

नवी पेठेत एक जुनं चष्म्याचं दुकान आहे, तिथल्या काकांनी फ्रेम हातात घेतली, बोट पाण्यात बुडवून पांढऱ्या भागावर फिरवलं आणि म्हणाले, "हे बघा मॅडम, ओलं केल्यावर काळं दिसतंय ना, म्हणजे वरवरचंच आहे, निघेल." ही युक्ती मला फार आवडली. ओलं करूनही पांढरं तसंच राहिलं तर ते खोल गेलंय असं समजायचं, आणि जुन्या फ्रेमला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर आतून ॲसिटेटच खराब व्हायला लागलंय, त्यावर एक रुपयाही घालू नका.

काम मी समोर बसून बघितलं. पहिलं म्हणजे दोन्ही काचा काढल्या. त्यासाठी फ्रेम गरम करावी लागते, त्यांच्याकडे बारीक मण्यांचा हीटर आहे, त्यात फ्रेम थोडा वेळ फिरवली की ती मऊ होते आणि काच मागून अंगठ्याने दाबली की टप्पकन बाहेर. मग बिजागरीचे स्क्रू काढून दांड्या वेगळ्या केल्या. त्यानंतर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा खरखरीत कागद, नंबर जितका मोठा तितका बारीक, आधी ६०० नंबर, मग १०००, मग १५००, शेवटी २०००, प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. ६०० ने घासताना पांढरट चिखलासारखं पाणी निघत होतं आणि फ्रेम आधीपेक्षा भयानक दिसायला लागली, अगदी राखाडी, तेव्हा मला जरा धडकी भरली होती पण काका निवांत. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या कागदाने पांढरं पूर्ण गेलं पाहिजे, तिथे घाई केली तर पुढचे कागद फक्त चमक देतात, डाग तसाच राहतो. दुसरं त्यांनी जपलं ते कडा. कोपऱ्यावर जास्त घासलं की कड गोल होते आणि फ्रेमचा मूळ आकारच जातो, म्हणून कडेजवळ कागद बोटावर न धरता लाकडाच्या चपट्या पट्टीला गुंडाळून धरला होता.

शेवटी कापडाचा बफ. तिथे पेस्ट लावून फ्रेम धरायची, पण एका जागी थांबायचं नाही कारण घर्षणाने ॲसिटेट गरम होतं आणि मऊ पडून त्यावर लाटा उठतात. दांडीच्या आतल्या बाजूला छापलेली अक्षरं मात्र गेली, नाव आणि मॉडेल नंबर दोन्ही. ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. ज्यांना ब्रँडचं नाव दिसायला हवं असतं त्यांनी हे आधी विचारून घ्यावं, मला त्याचं काही नव्हतं.

पॉलिशचे त्यांनी ३५० घेतले, नवीन काचा बसवून १४००, स्क्रू आणि बाकी किरकोळ धरून दोन हजारांच्या आत सगळं झालं.

काचेबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे लोकांची सगळ्यात जास्त फसवणूक होते. जुन्या काचेचे ओरखडे पॉलिश करून निघत नाहीत. प्लास्टिकच्या काचेवर कोटिंग असतं, घासलं की कोटिंग जातं आणि धुरकट दिसायला लागतं, टूथपेस्टने चोळायचा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. काच बदलायचीच. काय घ्यायची? मी साधी राखाडी पॉलीकार्बोनेटची, म्हणजे चिवट प्लास्टिकची घेतली, यूव्ही ४०० वाली, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील (यूव्ही) किरण अडवणारी. पॉलीकार्बोनेट अतिनील किरण स्वतःच अडवतं आणि खडा लागला तरी फुटून डोळ्यात जात नाही, दुचाकीवाल्यांना हे फार महत्त्वाचं. राखाडी का, तर त्यात रंग खरे दिसतात. तपकिरी काचेतून सगळं उठावदार दिसतं, गाडी चालवायला मस्त, पण मला सोयाबीनचं पान पिवळं पडतंय की नाही हे बघायचं असतं, मोझॅक हा विषाणूचा रोग आहे का अन्नद्रव्याची कमतरता आहे हे ठरवायचं असतं, तिथे तपकिरी काच रंग बदलून दाखवते आणि दर वेळी गॉगल काढून बघावं लागतं.

पोलराइज्ड मी मुद्दाम घेतली नाही. ती वाईट नाही, ओला रस्ता, कॅनॉलचं पाणी, समोरच्या गाडीची काच यावरून येणारी तिरीप ती खरोखर मारते आणि मासेमारीवाल्यांनी किंवा लांब गाडी चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावी. पण पोलराइज्ड काचेतून फोन एका ठराविक बाजूला धरला की स्क्रीन काळी होते, आणि माझं अर्धं काम शेतात उभं राहून फोनवर, ई-पीक पाहणीत, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद करताना, शेतकऱ्याला फोटो काढून द्यायचा तर फोन आडवा-उभा करावाच लागतो. शिवाय पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण असं नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच जितकी गडद तितकी चांगली हेही खोटं. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काचेत यूव्ही अडवायची सोय नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. काचांना ० ते ४ अशा कॅटेगरी असतात, ३ मध्ये ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, आपल्या उन्हाला ती बरोबर. ४ नंबर गाडी चालवताना वापरूच नये.

यूव्ही तपासायला चांगल्या दुकानात छोटं मशीन असतं, समोर लावून दाखवा म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही. घरी बघायचं तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च लागते, नोटेवरचा नंबर त्या उजेडात चमकतो. टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये काच धरायची आणि नोटेकडे बाजूने बघायचं, काचेतून नाही. चमक गेली तर काच किरण अडवतेय. ३९५ च्या स्वस्त टॉर्चने हे नीट कळत नाही, आणि टॉर्च डोळ्यात मारू नका.

हीच यूव्ही ४०० काच हजाराच्या गॉगलमध्येही मिळते, हे मी पुन्हा सांगते. मग बारा हजार कशाचे? बरेचसे नावाचे. रेबॅन ही मूळची अमेरिकन बॉश अँड लॉम्बची, ती १९९९ मध्ये इटलीच्या लक्झोटिकाने घेतली, ओकली २००७ मध्ये त्यांच्याकडेच गेली, पर्सोल त्याआधीच गेली होती, आणि २०१८ मध्ये लक्झोटिका आणि काचा बनवणारी एस्सिलोर एकत्र झाल्या. मॉलमधलं सनग्लास हटही त्यांचंच. म्हणजे शेल्फवर पाच नावं दिसतात तरी पैसे बऱ्याचदा एकाच घरी जातात. आणि रेबॅनवर मेड इन इंडिया दिसलं म्हणून लगेच डुप्लिकेट म्हणू नका, राजस्थानात भिवाडीला त्यांचा कारखाना आहे.

पण भारी गॉगलची फ्रेम आणि बिजागरी, यात मला पैसे दिसले. माझ्या या जोडीची बिजागरी पाच दातांची, धातूची, ॲसिटेटमध्ये खोल बसवलेली, स्क्रू घट्ट केला आणि इतके महिने दांडी हललेली नाही. याआधी मी मॉलमधून दीड हजाराचा एक घेतला होता, दिसायला छान, वरून मऊ रबरासारखं कोटिंग, दुसऱ्या उन्हाळ्यात ते कोटिंग चिकट व्हायला लागलं, केस चिकटायचे, आणि बिजागरी प्लास्टिकचीच, फ्रेमबरोबर ओतलेली, ती तुटली तर दुकानदार म्हणाला याला स्क्रूच नाही, मी काय करू. रस्त्यावरच्या दोनशेवाल्यांचा आरशासारखा थर तर घामानेच सोलून निघतो.

आता आठ-नऊ महिन्यांनी काय स्थिती आहे ते प्रामाणिकपणे. समोरची बाजू अजून नव्यासारखी चमकते, चारचौघांत लोक नवीन घेतला का विचारतात. कानामागे मात्र चमक थोडी उतरलीय, पांढरं नाही पण मंद, कारण एप्रिल-मे मध्ये घाम सतत तिथेच. वर्षातून एकदा हलकं बफिंग लागेल असं दिसतंय, कागद न लावता. पुन्हा पुन्हा ६०० ने घासत राहिलं तर फ्रेम पातळ होईल, तो काही कायमचा उपाय नाही. उजव्या काचेवर दोन बारीक रेषा आल्यात, नजरेत येत नाहीत. नवीन काच सुरुवातीला एका कोपऱ्यात जरा सैल वाटत होती कारण फ्रेमच्या वळणापेक्षा काच थोडी सपाट होती, काकांनी परत गरम करून बसवून दिली, त्यानंतर त्रास नाही. तुम्ही काच बदलाल तेव्हा जुनी काच बरोबर न्या आणि तोच कर्व्ह द्या असं स्पष्ट सांगा, सपाट काच वळणदार फ्रेममध्ये ताणून बसवली की कडेला वाकडं दिसतं आणि कधीतरी ती निघून पडते.

निगा फार नाही. धूळ असताना ओढणीने किंवा साडीच्या पदराने पुसायचं नाही, ते मातीचे कण म्हणजे वॉटर पेपरच, आधी नळाखाली धरायचा आणि मग मऊ कापड. संध्याकाळी दांड्या साध्या पाण्याने धुऊन पुसते, घाम राहत नाही. स्कूटीच्या डिकीत उन्हात ठेवत नाही, आत भट्टी होते आणि ॲसिटेट वाकतं. सनस्क्रीन लावून जरा सुकू देते आणि मगच गॉगल घालते.

घरात जुना पांढरा पडलेला गॉगल असेल तर टाकू नका, आधी ओल्या बोटाची परीक्षा करून बघा. बफिंग सगळीकडे करत नाहीत, नवीन चकाचक शोरूममध्ये तर फ्रेमच बदला म्हणतात, त्यामुळे जुन्या बाजारातलं, मागे स्वतःचं मशीन असलेलं दुकान शोधा. तिथे एवढंच विचारा की ॲसिटेटला पॉलिश करता का आणि काच काढून करता का. काच न काढता करतो म्हणाला तर फ्रेम घेऊन परत या, कारण काचेच्या कडेचं पांढरं तसंच राहतं आणि पेस्ट खाचेत जाऊन बसते ती वेगळीच.